वाचक विचारतात : गावची बिअर, गावचं पाणी

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात लहान ब्रूअरी, म्हणजे बिअर बनवणारे कारखाने, कसे वाढले, यावर मागच्या अंकात एक छोटं टिपण होतं. एकेकाळी तिथं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ब्रूअरी होत्या आणि आज त्या तीनशेच्या पुढे गेल्या आहेत, एवढंच त्यात म्हटलं होतं. त्यावर नाशिक जिल्ह्यातून पत्रं आली. निवडक पत्रांना इथं उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझा भाचा नॉर्थ कॅरोलायनात रॅलेला असतो. तो सांगतो की ते राज्य धार्मिक वळणाचं, रविवारी सकाळी चर्चला जाणारं आहे. मग तिथंच एवढ्या ब्रूअरी कशा उभ्या राहिल्या? लोकांची आवड बदलली की पैसा आला?
– एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर : आधी कायदा बदलला. आवड आणि पैसा मागून आले.

नॉर्थ कॅरोलायनानं १९०८ मध्ये थेट जनमत घेऊन दारूबंदी स्वीकारली. देशभरची बंदी आली ती १९२० मध्ये, म्हणजे त्यानंतर बारा वर्षांनी. १९३३ मध्ये देशाची बंदी उठली, तरी या राज्याचा हात आखडताच राहिला. स्वतः बनवलेली बिअर जागेवरच विकण्याची मुभा १९८५ मध्ये मिळाली. तिच्यासाठी धडपड करणारे उली बेनेविट्झ हे जर्मनीतल्या बव्हेरियाचे. त्यांची वीपिंग रॅडिश ब्रूअरी १९८६ मध्ये मँटिओ या किनाऱ्यावरच्या लहान गावात सुरू झाली. १९९४ मध्ये ॲशव्हिलला ऑस्कर वाँग यांनी हायलँड ब्रूइंग काढली. तरीही मोठी अडचण शिल्लक होती : बिअरमध्ये ६ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल चालत नसे. बेल्जियन ट्रिपेल, बार्ली वाइन, डबल आयपीए हे प्रकार या मर्यादेत बसतच नाहीत. ब्रूअर कितीही हुशार असला तरी दोन-चार प्रकारांपलीकडे त्याला जाता येत नव्हतं आणि मोठ्या कारखान्यांच्या स्वस्त बिअरपेक्षा वेगळं काही समोर ठेवता येत नव्हतं.

ही मर्यादा उठवण्यासाठी ‘पॉप द कॅप’ नावाची चळवळ चालली. घरी बिअर बनवणारे हौशी, लहान ब्रूअर आणि ग्राहक तिच्यात एकत्र होते. ऑगस्ट २००५ मध्ये मर्यादा ६ वरून १५ टक्क्यांवर गेली. बाहेरून आकडा तेवढा बदललेला दिसतो, पण लहान ब्रूअरीला स्वतःची ओळख त्या आकड्यामुळे मिळाली.

दुसरी गोष्ट वितरणाची. अमेरिकेत बनवणारा, वितरक आणि दुकानदार असे तीन टप्पे कायद्यानं वेगळे ठेवलेले असतात. नॉर्थ कॅरोलायनानं लहान ब्रूअरीला वर्षाला २५,००० बॅरलपर्यंत स्वतःची बिअर स्वतः पोहोचवण्याची सवलत दिली होती. तिथला बिअरचा बॅरल सुमारे ११७ लिटरचा, म्हणजे ही मर्यादा जवळपास २९ लाख लिटरची झाली. २०१९ मध्ये कायदा बदलून स्वतः वाटण्याची हद्द ५०,००० बॅरलपर्यंत वाढली. ज्याच्याकडे रोजचे चार पिंप आहेत त्याला वितरक दारात उभं करत नाही. म्हणून नव्या ब्रूअरीसाठी ही सवलत जीव की प्राण असते. कॅलिफोर्नियाची सिएरा नेवाडा २०१४ मध्ये ॲशव्हिलजवळ मिल्स रिव्हरला आली आणि कोलोरॅडोची न्यू बेल्जियम २०१६ मध्ये ॲशव्हिलला. लहानांनी रस्ता मळल्यावर या मोठ्या कंपन्या आल्या, हा क्रम लक्षात घ्यावा.

तिसरी गोष्ट पाणी. ॲशव्हिलला डोंगरातल्या राखीव पाणलोटाचं मऊ पाणी मिळतं. फिकट रंगाच्या बिअरला ते फार मानवतं. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळानं तिथल्या जलवाहिन्या वाहून गेल्या आणि पिण्यायोग्य पाणी परत यायला सात आठवड्यांहून अधिक काळ लागला. टाक्या, माल, माणसं सगळं जागेवर होतं, पण पाण्यावाचून ब्रूअरी अडून बसल्या.

आपल्याकडेही क्रम हाच दिसतो. परवान्याची वाट मोकळी झाली तेव्हा पुण्यात २००९ मध्ये डूलाली आली, बंगळूरला २०१० मध्ये टॉइट आली आणि मग त्यांच्या मागे रांग लागली.

प्रश्न : व्यवसायाआधी हात बसावा म्हणून घरी वीस लिटर बिअर करून पाहावी म्हणतो. साहित्य ऑनलाइन मिळतं. चालेल ना?
– एक विद्यार्थी, सातपूर

उत्तर : नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे. घरी, स्वतःपुरतं, न विकता केलं तरीही. अमेरिकेत घरी बिअर करण्याला देशपातळीवर १९७९ पासून मोकळीक आहे आणि तिथले कितीतरी ब्रूअर त्याच शाळेत तयार झाले. ती शाळा आपल्याकडे नाही.

पण बिअरचं निम्मं काम आंबवण्याआधीचं असतं आणि ते शिकायला कायदा आड येत नाही. एक किलो पेल मॉल्ट (मोड आणून वाळवलेली फिकट बार्ली) भरडून घ्या. दाणा फुटला पाहिजे, पण फोलपट अखंड राहिलं पाहिजे. मिक्सरमध्ये पीठ केलंत तर पुढे गाळताना चिखल होईल. ७१ अंश सेल्सिअसच्या तीन लिटर पाण्यात भरड मिसळा, ढवळा. तापमान ६६ च्या आसपास स्थिरावेल. जाड झाकणाच्या हॉटपॉटमध्ये तासभर ठेवा. मग पांढऱ्या बशीत एक थेंब काढून त्यावर आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे, पिवळट राहिला तर त्याची साखर झाली. गाळून वर अडीच लिटर ७६ अंशांचं पाणी हळूहळू सोडा. सुमारे साडेचार लिटर गोड काढा मिळेल. ब्रूअर त्याला वर्ट म्हणतात. द्राक्ष बागायतदाराकडे गोडी मोजायला असतो तोच रिफ्रॅक्टोमीटर लावा. १२ ते १३ ब्रिक्स (शंभर भागांत किती भाग साखर, याचं माप) आलं तर हात बसतोय. ९-१० आलं तर भरड जाड राहिली किंवा तापमान घसरलं. हा काढा उकळून, थंड करून त्याच दिवशी पिऊन टाका. यीस्ट घालू नका.

एक इशारा : आंबवण सुरू झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटर सरळ वाचता येत नाही, कारण अल्कोहोलमुळे प्रकाशाचं वळण बदलतं आणि आकडा खोटा जास्त दिसतो. तिथं द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटरच लागतो.

प्रश्न : हायवेला आमचं हॉटेल आहे. ५०० लिटरचा प्लांट बसवायचा विचार आहे. तांब्याच्या चकचकीत केटलसह एका पुरवठादाराचं दरपत्रक आलंय. नेमकं काय काय लागतं आणि पैसा कुठे घालावा?
– हॉटेल व्यावसायिक, सिन्नर

उत्तर : पैसा आधी थंडाव्यात आणि टाक्यांमध्ये घाला, तांब्याचं मग पाहा. ग्राहकाला केटल दिसते, पण बिअर चांगली की वाईट हे पुढचे पंधरा दिवस टाकीत ठरतं. लहान ब्रूअरी सर्वांत जास्त अडकतात ती जागाही हीच.

मॉल्ट भरडायची चक्की, गरम पाण्याची टाकी, मॅश (गरम पाण्यात भिजवलेली मॉल्टची भरड) व गाळणी एकत्र असलेलं भांडं, उकळण्याची केटल, प्लेट हीट एक्स्चेंजर (उकळता वर्ट पाण्यानं थंड करणारा), ग्लायकॉल चिलर (थंडावा पुरवणारा), शंकूच्या तळाचे फर्मेंटर (आंबवण्याच्या टाक्या), तयार बिअरच्या टाक्या आणि सफाईची फिरती गाडी एवढं तरी हवंच.

आता ५०० लिटरच्या एका बॅचचा हिशेब. १२ प्लेटोचा, म्हणजे साधारण १२ ब्रिक्सचा वर्ट धरला तर ९० ते ९५ किलो मॉल्ट लागेल. मॅशला किलोला तीन लिटर प्रमाणे २८० लिटर पाणी, वरून धुवायला सुमारे ४२० लिटर. एकूण ७०० लिटर. त्यातलं ९० लिटरच्या आसपास चोथ्यातच अडकून राहतं. केटलमध्ये सुमारे ६०० लिटर येतं, तासभर उकळताना ४० लिटर वाफ होते, थोडं गाळात जातं आणि थंड होताना आकारमान आणखी घटतं. टाकीत ५२० लिटर उतरतं. धुणंधावणं धरून मात्र एक लिटर बिअरमागे सहा ते दहा लिटर पाणी जातं. सांडपाण्याची सोय त्या हिशेबानं करा.

मॅशचं पाणी किती गरम हवं हे मॉल्टच्या तापमानावर ठरतं आणि नाशिकच्या हवेत ते वर्षभर सारखं नसतं. मॅश ६६ अंशांवर हवा असेल, तर मे महिन्यात गोदामातला मॉल्ट ३६ अंशांचा असताना पाणी ७० अंशांचं पुरतं. पावसाळ्यात, मॉल्ट २८ अंशांचा असताना, ७१ लागतं. जानेवारीच्या पहाटे मॉल्ट १२ अंशांचा असतो, तेव्हा साडेत्र्याहत्तरच्या जवळ जावं लागतं. भांडं आधी गरम पाण्यानं तापवून घ्या, नाहीतर धातू दोन अंश खाऊन टाकतो. मॅश ६३ वर घसरला तर बिअर कोरडी, पातळ होते. ७० वर गेला तर न आंबणारी साखर उरते आणि बिअर जड लागते.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, म्हणून पाणी इथं ९८ अंशांलाच उकळतं. त्यामुळे हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडू करणाऱ्या फुलांचा, कडवटपणा थोडा कमी उतरतो. जर्मनीची कृती जशीच्या तशी न घेता हॉप्स पाच-सात टक्के वाढवून पाहा. २० आयबीयू (कडवटपणाचं एकक) कडवटपणासाठी ५ टक्के अल्फाचे (कडवटपणा देणाऱ्या आम्लाचे) हॉप्स तासभर उकळायचे असतील, तर या बॅचला ८३० ग्रॅमच्या आसपास लागतील. १२ टक्के अल्फाचे असतील तर ३५० ग्रॅम. पिल्सनर मॉल्ट वापरत असाल तर ७५ ते ९० मिनिटं उकळा आणि झाकण उघडं ठेवा.

उकळता वर्ट १८ अंशांवर आणणं हा खरा प्रश्न आहे. थंड देशात नळाच्या पाण्यावर भागतं. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणीच २८-३० अंशांचं असतं, त्यामुळे एका टप्प्याचा एक्स्चेंजर वर्ट ३३ च्या खाली आणूच शकत नाही. दोन टप्प्यांचा घ्या. पहिल्या टप्प्यातून बाहेर पडणारं ७० अंशांचं पाणी गरम टाकीत परत घ्या, ते पुढच्या सफाईला कामी येतं. दुसऱ्या टप्प्यात ४५ मिनिटांत ३३ वरून १८ वर आणायचं म्हटलं तर सुमारे साडेतीन टनांचा थंडावा एकट्या त्या कामाला लागतो. एवढा मोठा चिलर परवडत नसेल तर इन्सुलेटेड टाकीत ६०० लिटर पाणी आदल्या रात्री ४ अंशांवर करून ठेवा आणि ते वापरा.

पुढे यीस्ट स्वतःच उष्णता तयार करतं. या एका बॅचमधून आंबवताना निघणारी उष्णता अडवली नाही, तर बिअर आपोआप सुमारे ११ अंशांनी तापेल : १८ ची २९. त्यात बाहेर ४० चा उन्हाळा. अशा बिअरला सॉल्व्हंटसारखा वास येतो आणि तो नंतर कशानंही जात नाही. चिलर आणि नियंत्रकाला जनरेटरची जोड द्या. सिलिंगचे दिवे बंद राहिले तरी चालतील, चिलर बंद राहून चालणार नाही.

टाक्या किती? रोज १०० लिटर खपतील असं धरलं तर महिन्याला सहा बॅच. एल (लवकर आंबणारी) किंवा व्हीट (गव्हाची) बिअर टाकी १२ ते १५ दिवस अडवते, लागर (थंडीत सावकाश आंबणारी) ३० ते ३५ दिवस. निम्मी लागर करायची असेल तर पाच फर्मेंटर आणि तयार बिअरच्या दोन टाक्या हव्यात. फक्त एल असेल तर तीन फर्मेंटरवर निभावतं. पहिलं वर्ष एल आणि व्हीटवर काढा, असं आम्ही आग्रहानं सांगू. फर्मेंटर एकूण ६२५ लिटरचा घ्या, कारण फेसाला वर पाव जागा लागते. एल यीस्ट सुकं असेल तर २५० ते ४०० ग्रॅम, लागरला दुप्पट.

जमिनीला दर मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार द्या. वरच्या मजल्यावर बसवणार असाल तर भरलेली एक टाकी पाऊण टनाच्या पुढे जाते, म्हणून स्लॅब आधी अभियंत्याला दाखवा. आणि ॲडव्हान्स देण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून जागेचा नकाशा आणि परवान्याच्या अटी लेखी घ्या. टाक्या आल्यावर भिंत हलवावी लागली तर खर्च दुप्पट होतो.

प्रश्न : आमच्याकडे बोअर आहे, महापालिकेचं पाणीही आहे. बिअरला कोणतं चांगलं?
– एक वाचक, अंबड

उत्तर : चव घेऊन ठरवू नका, प्रयोगशाळेचा अहवाल घ्या. कॅल्शियम, बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट, सोडियम आणि पीएच एवढे आकडे मागा.

गंगापूर धरणाचं पाणी साठलेलं, पृष्ठभागाचं. आपल्या काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट बऱ्याचदा जास्त असतं. बायकार्बोनेट मॅशचा पीएच वर ढकलतं. तो ५.२ ते ५.५ मध्ये हवा. ५.८ वर गेला तर साखर कमी उतरते, फोलपटातला तुरटपणा उतरतो आणि बिअर जिभेला खरखरीत लागते. फिकट बिअरसाठी बायकार्बोनेट ५० ते ७५ मिलिग्रॅमच्या आत आणा. त्यासाठी थोडं आरओचं पाणी मिसळणं सर्वांत सोपं. निव्वळ आरओ वापरू नका. यीस्टला आणि एन्झाइमना कॅल्शियम लागतं. ७०० लिटर पाण्यात ५० मिलिग्रॅम कॅल्शियम वाढवायला सुमारे १३० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट टाका. तरीही पीएच चढा असेल तर ८८ टक्क्यांचं लॅक्टिक ॲसिड ५० मिली टाकून दहा मिनिटांनी, नमुना थंड करून मोजा आणि मगच आणखी घाला. गरम नमुन्यात मीटर बुडवलात तर आकडा चुकतो आणि इलेक्ट्रोडही लवकर मरतो.

महापालिकेच्या पाण्यातला क्लोरीन काढायलाच हवा. तो मॉल्टमधल्या फिनॉलशी मिळून दवाखान्याच्या पट्टीसारखा वास तयार करतो आणि तो अगदी अल्प प्रमाणातही जाणवतो. वाइनरीत वापरतात तेच केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, लिटरला ७ ते १० मिलिग्रॅम पुरतं. ७०० लिटरला पाच ते सात ग्रॅम.

प्रश्न : आमची छोटी वाइनरी आहे. जानेवारी ते मार्च द्राक्षं चिरडतो, नंतर बऱ्याच टाक्या रिकाम्या असतात. त्यांतच बिअर आंबवता येईल का?
– द्राक्ष उत्पादक, निफाड

उत्तर : टाक्या नकोत. चिलर, प्रयोगशाळा आणि तुमचे अनुभवी हात मात्र फार उपयोगी पडतील. वाइनरीच्या परवान्यावर बिअर करता येत नाही, तो परवाना वेगळा, हे आधी.

वाइनची टाकी दाबासाठी बनलेली नसते. बिअरमध्ये लिटरला सुमारे पाच ग्रॅम कार्बन डायऑक्साइड राखावा लागतो. २ अंशांवर त्यासाठी टाकीत ०.७ बारच्या आसपास दाब असतो. वरचं पातळ झाकण आणि सपाट तळ हा दाब सोसत नाहीत. बिअरच्या टाकीला सुरक्षा झडप दाबाचीही हवी आणि निर्वातासाठीही.

निर्वाताची झडप का, हे नीट समजून घ्या. बिअर काढल्यावर टाकीत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. तशा टाकीत सफाईचं कॉस्टिक सोड्याचं द्रावण सोडलं की तो वायू कॉस्टिकमध्ये शोषला जातो, आत निर्वात तयार होतो आणि स्टीलची टाकी डब्यासारखी आत चेपते. गरम टाकीत थंड पाणी मारलं तरी हेच होतं. म्हणून मॅनहोल उघडा, हवा मारून वायू घालवा, मग २ टक्के कॉस्टिक ७० ते ८० अंशांवर अर्धा तास फिरवा, पाणी, मग १ टक्का नायट्रिक-फॉस्फोरिक ॲसिड, पुन्हा पाणी, आणि भरण्याआधी १५० ते २०० पीपीएम पेरासेटिक ॲसिड. उघड्या टाकीत डोकं घालून पाहू नका. हा वायू जड असतो, तळाशी साचतो आणि दोन श्वासांत माणूस कोसळतो. वाइनरीत काम करणाऱ्यांना हे माहीत असतं, बिअरमध्येही धोका तोच.

सर्वांत मोठा फरक स्वच्छतेचा. वाइनचा पीएच साडेतीनच्या आसपास, अल्कोहोल १२ टक्के आणि वर सल्फाइट. जंतूंना तिथं फारसं जगता येत नाही. बिअरचा पीएच ४.२ ते ४.५, अल्कोहोल ५ टक्के आणि सल्फाइटचा आधार नाही. वाइनरीत खपून जाणारी ढिलाई बिअरमध्ये आठवड्याभरात उघडी पडते. शिवाय वाइनरीतल्या पिंपांमध्ये ब्रेटानोमायसिस हे रानटी यीस्ट मुक्कामाला असू शकतं. त्याच छपराखाली बिअर आंबवली तर तबेल्यासारखा वास येण्याची भीती राहते. होज, गॅस्केट, पंप अजिबात सामाईक ठेवू नका. अंबड-सातपूरच्या फॅब्रिकेटरकडून नव्या टाक्या करून घेताना आतली वेल्डिंग आर्गॉन वायू भरून करायला सांगा आणि सांधे घासून गुळगुळीत करून घ्या. बोटाला खडबडीत लागेल तिथं जंतू घर करतो.

प्रश्न : आमच्याकडे नागली पिकते. तिची बिअर होते का? शेतकऱ्याला काही भाव मिळेल का?
– एक वाचिका, सुरगाणा

उत्तर : निव्वळ नागलीची नको, पण १५ ते १८ टक्के नागली घातली तर छान भाजकी चव येते. सुरगाणा, पेठ, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यातली नागली वापरली तर नाशिकच्या बिअरला स्वतःचं काही सांगता येईल. ते सांगता यावं अशी आमची मनापासून इच्छा आहे.

नागलीचा स्टार्च बार्लीइतका लवकर मऊ होत नाही, म्हणून ती वेगळी शिजवावी लागते. ५०० लिटरच्या बॅचला १५ किलो नागलीची बारीक भरड, दीड किलो मॉल्ट आणि ६५ लिटर पाणी घ्या. ७० अंशांवर वीस मिनिटं ठेवा. मॉल्टमधलं एन्झाइम तिला पातळ करतं. हा टप्पा गाळलात तर पिठल्यासारखी घट्ट होऊन तळाला लागते आणि करपलेला वास पूर्ण बॅचभर उरतो. मग वीस मिनिटं उकळा, सतत ढवळा. दुसरीकडे ७५ किलो मॉल्ट १९० लिटर पाण्यात ५५ अंशांवर तयार ठेवा. उकळती नागली त्यात ओतली की एकूण तापमान ६५ च्या आसपास येतं आणि पुढचं नेहमीसारखं.

नागलीला जाड फोलपट नसतं, त्यामुळे गाळणी तुंबते. इगतपुरीच्या भातगिरणीतला तूस तीन-चार किलो, गरम पाण्यानं दोनदा धुऊन, मॅशमध्ये मिसळा. न धुता टाकलात तर धुळकट चव उतरते. खरेदी करताना ओलावा १२ टक्क्यांच्या आत, खडे काढलेले आणि बुरशीचा वास नसलेला माल घ्या आणि शेतकऱ्याला प्रतवारीनुसार भाव द्या. एका बॅचला १५ किलो म्हणजे गावाचं नशीब पालटेल असं नाही, पण वर्षभर ठरलेली खरेदी छोट्या गटाला आधार ठरते.

प्रश्न : बाहेर क्राफ्ट बिअर घेतली की कधी लोण्यासारखी, कधी उकडलेल्या मक्यासारखी लागते. ते मुद्दाम असतं का?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : केळं आणि लवंग हे वास व्हीट बिअरमध्ये मुद्दाम असतात, यीस्टचेच ते. बाकी बहुतेक दोष.

लोण्याचा वास डायअॅसिटिलचा. यीस्ट तो बनवतं आणि वेळ दिला तर स्वतःच परत खातं. घाईनं थंड केली की तो राहून जातो. आंबवण संपत आली की दोन दिवस १८ ते २० अंशांवर ठेवायचं. तपासायचं असेल तर नमुना झाकून ६० अंशांवर अर्धा तास तापवा, थंड करून हुंगा; लोणी आलं तर टाकी अजून तयार नाही. हाच वास आंबटपणासोबत आला तर मात्र तो जंतूंचा.

उकडलेला मका म्हणजे डीएमएस, मॉल्टमधून येणारं गंधकाचं एक संयुग. कमी उकळलं, झाकण लावलं किंवा उकळून झाल्यावर वर्ट तासभर गरमच राहिला. कच्चं सफरचंद म्हणजे बिअर वेळेआधी काढली. ओला पुठ्ठा म्हणजे भरताना हवा लागली. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर आधी बिअरचा नळ तपासा : नळाच्या तोंडात माश्या बसतात आणि नळीत थर साचतो. नळ्या दर चौदा दिवसांनी २ टक्के कॉस्टिकनं धुवायच्या, नळ सुटा करून ब्रश मारायचा. टाकीतली उत्तम बिअर शेवटच्या चार मीटर नळीत नासलेली ग्राहकाच्या हाती जाते, आणि दोष ब्रूअरच्या माथी येतो. ग्राहक म्हणून तुम्ही तो ग्लास परत पाठवावा आणि वास कसला आहे ते स्पष्ट सांगावं. चांगल्या ब्रूअरला ते हवंच असतं.

प्रश्न : ब्रूअरीतला चोथा म्हशींना चालतो का? किती द्यावा?
– दूध उत्पादक, दिंडोरी

उत्तर : चालतो, ताजा असेल तर. ९३ किलो मॉल्टमधून ११० ते १२० किलो ओला चोथा निघतो. त्यात पाण्याचा भाग पाऊणहून जास्त, आणि सुक्या भागात २० टक्क्यांच्या पुढे प्रथिनं. दुभत्या मोठ्या जनावराला दिवसाला आठ ते दहा किलोपर्यंत, तेही आठवड्याभरात हळूहळू वाढवत आणि कडब्याची कुट्टी मिसळून. एकदम जास्त दिला तर पोट बिघडतं.

उन्हाळ्यात चोवीस तासांच्या आत संपवा, हिवाळ्यात फार तर दोन दिवस. उरला तर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत दाबून, हवा काढून, किलोला दहा ग्रॅम मीठ टाकून तोंड घट्ट बांधा. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर वरचा थर काढून उरलेला खाऊ घालू नका. बुरशीचं विष खालपर्यंत गेलेलं असतं आणि ते दुधात उतरतं. तो चोथा सरळ खतात टाका. केटलच्या तळाचा हॉप्सचा गाळ मात्र चोथ्यात मिसळू देऊ नका, ब्रूअरीला तसं आधीच सांगून ठेवा. तो कडू असतो, जनावर तोंड लावत नाही, आणि गोठ्यातल्या कुत्र्यानं खाल्ला तर त्याला जिवावरचा ताप चढतो.